आधी वॅट विचारा

जालन्यात मस्तगड भागात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, मेनूकार्ड, वास्तुशांतीची निमंत्रणं, निवडणूक आली की पत्रकं. ज्या गढीवरून या भागाला नाव पडलं ती १७२५ सालची, निजाम-उल-मुल्कच्या काळात काबिलखानाने बांधलेली. पाहुण्यांना पत्ता सांगताना मी हे आवर्जून सांगते. लॅपटॉप विचारायला येणाऱ्यांना सांगत नाही, त्यांना घाई असते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. कॉम्प्युटरशी ओळख एमएस-सीआयटीने करून दिली, पुढचं पोटाने शिकवलं. पण दिवसभर मशीनसमोर बसणाऱ्या बाईला मशीनमधलं कळतही असणार, असा आमच्याकडे समज आहे. तो मी मोडत नाही, कारण सल्ला घ्यायला आलेला माणूस जाताना शंभर व्हिजिटिंग कार्डं तरी छापायला टाकतो. या फुकटच्या सल्लागिरीत विचारणाऱ्यांपेक्षा मीच जास्त शिकले. त्यातलं हे थोडं, जसं सुचेल तसं.

१. लॅपटॉप विचारायला आलेल्या माणसाला बहुतेक वेळा सल्ला नको असतो, होकार हवा असतो. मुलगा मोबाइल पुढे करतो. पडद्यावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. एकावर त्याचा जीव जडलेला, दुसरा वडिलांच्या बजेटात बसणारा. वडील खुर्चीच्या कडेवर बसून डोळ्यांनीच विनवत असतात, की ताई, तो स्वस्तवाला म्हणा. मी दोघांनाही एकच विचारते, ‘‘चालवणार काय त्याच्यावर?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘सगळं.’’ आता ‘सगळं’ नावाचं सॉफ्टवेअर अजून तरी बाजारात आलेलं नाही. खोदून विचारलं की यादी बाहेर पडते: व्हॅलोरंट, जीटीए, कॉलेजचं ऑटोकॅड आणि ‘‘पुढेमागे एडिटिंग’’. या चौघांच्या गरजा चार दिशांना जातात, आणि पैसे मात्र एकाच खिशातून. त्यामुळे पहिला अर्धा तास लॅपटॉपचं नावही न काढता जातो. वडिलांना हे आवडतं. मुलाला वाटतं, बाईला काही येत नाही. दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं.

२. ग्राफिक्स कार्डाचं नाव अर्धीच गोष्ट सांगतं, उरलेली अर्धी वॅटमध्ये असते. हे कळलं तेव्हा मी खरोखर चकित झाले. दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर, आरटीएक्स ४०६०. एक पातळ आणि देखणा, दुसरा विटेसारखा. किमतीत फार फरक नाही. गेम लावला की विटेसारखा पुढे पळतो. कारण असं, की एनव्हिडिया हे कार्ड लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला देते तेव्हा त्याला किती वीज पुरवायची हे त्या कंपनीवर सोडते. ४०५० आणि ४०६० या दोन्हींसाठी ही मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते; ३०५० साठी ३५ ते ८०. विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण दिलं की आमच्याकडे कुणालाही दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही: मोटार पाच एचपीचीच, पण व्होल्टेज पडलेलं असलं की पाणी निम्म्या पाइपातच घुटमळतं. कमी वॅटचं ४०६० पूर्ण वॅटच्या ४०५० च्या मागे पडू शकतं, हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही. २०२१ मध्ये यावरून बरीच ओरड झाली, तेव्हा एनव्हिडियाने कंपन्यांना हा आकडा आपल्या माहितीपानावर छापायला लावला. छापतात, मुंगीच्या अक्षरात, अगदी तळाशी. तिथे ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ असं काही दिसलं की चष्मा पुसून घ्यायचा. मशीन समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये तोच आकडा मिळतो. आणि याची दुसरी बाजूही आहे: ४०५०-४०६० ला शंभर वॅटच्या आसपास जे मिळायचं ते मिळून जातं, त्यापुढे बूस्ट धरून १४० लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नये.

३. जितकं महाग कार्ड, तितकं लॅपटॉपात त्याचं नाव जास्त फुगवलेलं. माझा अंदाज नेमका उलटा होता. ४०६० हे लॅपटॉपात आणि टेबलावरच्या मशीनमध्ये जवळपास एकच आहे, दोन्हींत ३,०७२ कोअर, दोन्हींत ८ जीबी मेमरी. ४०७० ला आलं की टेबलावर ५,८८८ कोअर आणि १२ जीबी, लॅपटॉपात ४,६०८ आणि ८. सगळ्यांत वरचं ४०९० घेतलं तर टेबलावर १६,३८४ कोअर आणि लॅपटॉपात ९,७२८. म्हणजे नाव ४०९०, आतली चिप टेबलावरच्या ४०८० ची. पुढच्या पिढीतही चाल तीच: ५०७० टेबलावर १२ जीबीचं, लॅपटॉपात ८ चं. फसवणूक म्हणावी तर सगळं छापलेलं असतं. म्हणून मी ४०६० किंवा नंतरच्या ५०६० च्या वर जायचा सल्ला जीवावर आल्यासारखा देते. पैसा माझा नसतो, तरी देववत नाही.

४. इंटरनेटवरच्या परीक्षणांतला लॅपटॉप आणि जालन्यातल्या मे महिन्यातला लॅपटॉप ही एकच वस्तू असतेच असं नाही. परीक्षण करणारा एसीच्या खोलीत बसलेला असतो. आपल्याकडे दुपारी पारा ४२ च्या वर, आणि गच्चीखालच्या खोलीचं तर बोलायलाच नको. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. ती वीस अंशांनी तापलेली असेल, तर आतली चिपही जवळजवळ तेवढीच जास्त तापते. शंभरीच्या जवळ गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मशीन बिघडलेली नसते, दमलेली असते. पोरं मात्र माझ्याकडे धावत येतात, ‘‘ताई, सकाळी भारी चाललाय, दुपारी अडकायलाय.’’ एमआयडीसीत लोखंड वितळवून सळ्या ओढणाऱ्या गावाला उष्णतेबद्दल मी काय सांगावं? पण लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये, एवढं सांगावंच लागतं. खालच्या जाळ्या चादरीने बंद होतात आणि पंखा नुसता ओरडत राहतो. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी फरक जाणवतो. आमच्या दुकानात त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे वापरतात, त्यांचा दुसरा उपयोग उरलेला नसतो. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नये, ओल आत जाते. वर्षातून एकदा पंखे उघडून धूळ काढून घ्यावी. पाती ज्या रंगाची झालेली दिसतात ते बघून आपण हीच हवा श्वासात घेतो याची आठवण होते, ती वेगळी.

या एका कारणासाठी मी पातळ गेमिंग लॅपटॉपच्या विरोधात आहे. अडीच किलोचा, मागे जाड नाक असलेला, दिसायला ओबडधोबड लॅपटॉप आमच्या हवेत टिकतो. मुलींना तो नको असतो, मुलांनाही आताशा नको असतो. मी आपली सांगत राहते.

५. माझ्या स्वतःच्या धंद्याला गेमिंगचं कार्ड फारसं लागतच नाही. वर्षानुवर्षं मला वाटायचं की ग्राफिक्स कार्ड हे ग्राफिक्सवाल्यांसाठी असतं, नावातच आहे की. पण कोरलड्रॉमध्ये बॅनर लावताना त्या कार्डाला बरीचशी सुट्टी असते. काम पडतं ते प्रोसेसरच्या एकेका कोअरच्या वेगावर आणि रॅमवर. हिशेब मांडून बघा. दहा बाय वीस फुटांचा वाढदिवसाचा बॅनर म्हणजे १२० बाय २४० इंच. फोटोशॉपमध्ये पूर्ण मापात, ७२ रिझोल्युशनने उघडला तर ८,६४० बाय १७,२८० पिक्सेल, म्हणजे सुमारे पंधरा कोटी ठिपके. सीएमवायकेत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. एका भरलेल्या थराचे झाले सहाशे एमबी. आता त्यावर भाऊंचा उभा फोटो, मागे गर्जना करणारा वाघ, वर सूर्यकिरणं, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, तेही पन्नास. त्यातले दोन रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर येणार, एकाला उजवीकडून डावीकडे हलवायचं, कारण त्याचं आणि शेजारच्याचं बोलणं बंद आहे. ८ जीबी रॅम इथे घोटभर पाण्यासारखी संपते. १६ हवीच, ३२ असेल तर रात्री बाराला घरी जाता येतं. त्यामुळे मी कार्डाआधी एक गोष्ट विचारते: रॅम वाढवायला खाच आहे, की बोर्डावरच डकवलेली आहे? डकवलेली असेल तर आज घेतली तेवढीच जन्मभर.

यूएसबीची भोकंही मोजून घ्या. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लॉक, माऊस, पेनड्राइव्ह आणि ग्राहकाचा मोबाइल. तीन भोकांत चार जण बसत नाहीत.

६. १४४ हर्ट्झचा पडदा वेगवान असतो, खरा असेलच असं नाही. गेमिंग लॅपटॉप स्वस्तात बसवायचा तर कंपन्या पहिली कात्री पडद्यावर चालवतात. माहितीपानावर ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसतं. वाचायला बरं वाटतं. त्याचा अर्थ असा, की फोटो आणि वेबसाठी जे एसआरजीबी रंग ठरलेले आहेत, त्यांतले जेमतेम साठ-पासष्ट टक्के हा पडदा दाखवू शकतो. कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो, हळदीचा पिवळा आजारी दिसतो. आपण तो सुधारायला रंग चढवत जातो आणि छापून आल्यावर पत्रिका भडक. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द असलेला पडदा घ्या, मग तो १२० हर्ट्झचा असला तरी चालेल. अर्थात, पडदा कितीही खरा घेतला तरी ग्राहक आपल्या चमकदार मोबाइलवर पीडीएफ बघूनच येतो. ‘‘ताई, मोबाइलवर तर भगवा वेगळाच दिसत होता.’’ दिसणारच. त्या पडद्यावर माझा फोटोसुद्धा दहा वर्षांनी तरुण दिसतो. मी कार्डशीटचा छापील नमुना पुढे ठेवते, त्याच्या कोपऱ्यावर सही घेते आणि मगच छपाईला पाठवते. यावर कुठल्याही किमतीचा लॅपटॉप हा उपाय नाही.

७. व्हिडिओवाल्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला सगळ्यांत उशिरा समजली. आमच्या ओळखीत लग्नांचं शूटिंग करणारा एक जण आहे. हिवाळ्यात लग्नं, उन्हाळ्यात लग्नं, पावसाळ्यात एडिटिंग. त्याने दांडगं कार्ड असलेला लॅपटॉप घेतला आणि तरी टाइमलाइनवर पुढे-मागे करताना चित्र अडखळायचं. शेजारी बसलेल्या भावाच्या हलक्या कार्डाच्या लॅपटॉपवर तीच क्लिप लोण्यासारखी. आम्ही दोघांनी सगळ्यांवर संशय घेतला: केबल, हार्डडिस्क, विंडोज. कारण निघालं कॅमेऱ्यात. नवे कॅमेरे रंग जास्त टिकवण्यासाठी ४:२:२, १०-बिट अशा पद्धतीच्या एचईव्हीसी फाइल बनवतात. त्या फाइल उलगडायचं काम आरटीएक्स ४० पर्यंतच्या कार्डांना जमत नाही, ५० च्या मालिकेपासून जमतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र ते मुकाट्याने करतं. भावाचा लॅपटॉप इंटेलचा होता, याचा रायझनचा. दांडग्या कार्डाने काहीच गुन्हा केला नव्हता, त्याला ते काम येतच नव्हतं.

मशीन बदलायला पैसे नसतील तर प्रॉक्सी बनवाव्यात, म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल. तिच्यावर एडिट करायचं आणि शेवटचं आउटपुट मूळ फाइलवरून काढायचं. रात्री प्रॉक्सी लावून झोपायचं. फुकटातला उपाय आहे. म्हणूनच बहुधा कुणी सुचवत नाही.

८. थ्री-डी करणाऱ्याने कार्डाच्या मेमरीकडे बघावं, वेगाकडे मागाहून. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुली येतात, त्यांना मी एवढंच सांगते. घराचं मॉडेल, बाहेर झाडं, अंगणात गवताची एकेक पात. हे सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावलं पाहिजे. ४ जीबीत मावत नाही, ६ मध्ये काटकसर, ८ असेल तर पदवीपर्यंत पोचाल. नुसतं टू-डी ऑटोकॅड असेल तर यातलं काही लागत नाही. आणि एनव्हिडियाचंच घ्या. थ्री-डीच्या काही सॉफ्टवेअरना दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालतच नाही.

९. ज्या गेमसाठी एवढा जीव काढतात, त्यांतले अर्धे साध्या मशीनवर चालतात. हे मी बोलले की माझा भाचा मान खाली घालतो, पण खोटं आहे असं म्हणत नाही. व्हॅलोरंट मुळातच बेताच्या मशीनवर चालावा असा बनवलेला आहे. जीटीए ५ हा २०१३ सालचा खेळ, कॉम्प्युटरवर आला २०१५ मध्ये. त्याला आज कार्डापेक्षा जागा जास्त लागते, शंभर जीबीच्या आसपास. म्हणजे ५१२ जीबीच्या एसएसडीत विंडोज, हा एक खेळ, अजून तीन असेच, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला जागा नाही. प्रोजेक्टची कुणाला फारशी फिकीर नसते, ते सोडा. बीजीएमआय तर पोरं मोबाइलवरच खेळतात; ‘‘आत्या, त्याच्यासाठी नको, बाकीच्यांसाठी पाहिजे.’’ बाकीचे कुठले, ते अजून ठरायचे असतात.

भाच्याने एकदा मला बसवून ६० फ्रेम आणि १४४ फ्रेम यांतला फरक दाखवला. ६० ते १०० मला दिसला, खरंच डोळ्यांना आराम पडतो. १०० नंतर मला काही दिसलं नाही. चष्म्याचा नंबर काढून झाला की पुन्हा बघू, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला कीव ऐकू आली. तरी एक तांत्रिक गोष्ट त्याच्याकडूनच शिकले. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कार्डाने तयार केलेलं चित्र अंगभूत ग्राफिक्सच्या वाटेने पडद्यापर्यंत जातं आणि त्या वळशात थोडे फ्रेम गळतात. ज्यात मक्स स्विच असतो, त्यात थेट वाट उघडता येते. दोन लॅपटॉप बाकी सगळ्या बाबतीत सारखे असतील तर मक्सवाला उचला.

१०. प्रोसेसरच्या नावातला पहिला आकडा बघून भाळू नये. रायझन ७७३५एचएस सुरू होतो सातने, पण आतली रचना आदल्या पिढीची आहे. त्या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो, ३ असेल तर जुनी, ४ असेल तर तेव्हाची नवी. वाईट नाही, स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्यावा. नव्याच्या भावात घेऊ नये. इंटेलमध्ये शेवटी एच किंवा एचएक्स असलेले प्रोसेसर या कामांचे, यू हे ऑफिसचे. एवढं पाठ केलं तरी निम्मी यादी गळते.

११. गेमिंग लॅपटॉप हा मांडीवर घ्यायचा प्रकार नाही, तो भिंतीजवळ राहणारा प्राणी आहे. विमानात वेगळी परवानगी न घेता सोबत न्यायच्या बॅटरीला शंभर वॅट-अवरची मर्यादा आहे, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही त्याच्या आतच असते. समजा ९० ची आहे, आणि मशीन गेमला दीडशे वॅट ओढते. वाणिज्य शाखेलाही जमणारं गणित आहे, छत्तीस मिनिटं. तेवढंही होत नाही, कारण चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच कार्डाची वीज कापतो आणि वेग धपकन खाली येतो. चार्जर १८० किंवा २३० वॅटचा, वजनाला अर्ध्या विटेएवढा. मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावून तो चार्ज होईलही, गेम पेलणार नाही. लाइट जाण्याचं आमच्याकडे काही सांगता येत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर तो चालतो, फक्त तेवढा वेळ पंख्यांचा बॅकअप कमी होतो आणि घरातले बाकीचे सगळे गेम खेळणाऱ्याकडे बघत बसतात.

१२. पुष्कळांना लॅपटॉप नको असतो, मशीन हवी असते. मुलगा घरीच राहून शिकणार असेल, धंदा एकाच टेबलावरचा असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त वेगवान येतो, थंड राहतो, आणि चार वर्षांनी त्यातलं फक्त कार्ड बदलता येतं. लॅपटॉपात कार्ड बदलता येत नाही. ते जुनं झालं की सगळंच जुनं. मी हे सांगते तेव्हा मुलाचा चेहरा पडतो. डेस्कटॉप मित्राच्या घरी नेता येत नाही आणि इन्स्टाग्रामवर त्याचा फोटोही चांगला येत नाही. पण पुण्याला किंवा संभाजीनगरला हॉस्टेलवर जायचं असेल, तर वाद नाही, लॅपटॉपच. शूटिंगवाल्यालाही लॅपटॉपच, कारण नवरीकडचे मंगल कार्यालयातच रील मागतात. माझ्या दुकानात डेस्कटॉप आहे. त्याच्यावर धूळ बसते, त्याचा यूपीएस रात्री-अपरात्री शिट्टी मारतो, आणि मे महिन्यात दुपारी तो जानेवारीतल्याइतकाच चालतो.

१३. बिल आणि वॉरंटी हे लॅपटॉपचेच भाग आहेत. धंद्यासाठी घेत असाल आणि जीएसटी नंबर असेल, तर बिलावर तो टाकून घ्या. १,१८,००० च्या बिलात १८,००० कर आहे आणि त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, सीएला उगाच फोन करू नका. ऑनलाइन सेलमध्ये घ्या, इथल्या दुकानात घ्या, साठ किलोमीटरवर संभाजीनगरला जाऊन घ्या. पण आपल्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का, एवढं आधी विचारा. नाही तर ऐन लग्नसराईत मशीन कुरिअरने जाते आणि आपण पत्रिका हाताने लिहायच्या बेताला येतो.

आणि खोक्यातून काढल्यावर, परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत आहे तोवर, एक दिवस दुपारी दोन वाजता, एसी-कूलर बंद करून, चार्जर लावून त्याच्यावर अर्धा तास सगळ्यांत जड गेम किंवा रेंडर लावा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर कार्ड किती वॅट ओढतंय ते दाखवतं. पाचव्या मिनिटाचा आकडा कागदावर लिहा, तिसाव्या मिनिटाचा त्याच्याखाली लिहा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर लॅपटॉप ठेवा. दुसरा आकडा निम्म्यावर आला असेल तर वाट बघू नका, त्याच संध्याकाळी परत करायला टाका.